सहा सिलिंडर आणि खारं पाणी

संपादकांना हवा होता मोटारींवरचा लेख. बोरिवली-दहिसरच्या गॅरेजांत हौशी पोरं गाडीच्या कॉम्प्युटरला लॅपटॉप जोडून इंजिनाची ताकद वाढवून घेतात, टर्बोचा दाब चढवतात, सायलेन्सर बदलतात; त्यावर लिहा म्हणाले. पण हा छंद कायद्याच्या काठावरचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात मालकाला परस्पर बदल करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्यामुळे गॅरेजवाले तासन् तास बोलतात आणि शेवटी 'छापू नका' म्हणतात. अशाच एका गॅरेजवाल्याने जाता जाता सांगितलं, "मोठ्या इंजिनाचं काम बघायचं तर पावसाळ्यात खाडीपलीकडे जा. तिथे इंजिन खोलून बसलेले असतात."

खाडीपलीकडे म्हणजे गोराईला. बोरिवलीच्या जेट्टीवरून फेरीबोटीने पोचायला काही मिनिटं लागतात; गाडीने जायचं तर भाईंदर-उत्तनचा वळसा. विपश्यना पॅगोडाला जाणारी गर्दी एकीकडे उतरते, गावची माणसं दुसरीकडे. गोराई, मनोरी आणि उत्तन ही गावं एकाच बेटावरची. या बेटाचं जुनं नावही धारावीच, पण सायन-माहीमच्या धारावीशी त्याचा काही संबंध नाही. वस्ती मुख्यतः कोळी आणि ईस्ट इंडियन. मासेमारीचा मोठा ताफा शेजारच्या उत्तनचा, मढचा आणि वर्सोव्याचा.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा हा काळ इंजिनांच्या दुरुस्तीचाही काळ. वर्षभर एक दिवस सुट्टी न मिळालेलं यंत्र या दोन महिन्यांत ताडपत्रीखाली उघडं होतं. हेड उतरवतात, लायनर काढतात, क्रँक ग्राइंडिंगला जातो, व्हॉल्व्ह लॅप होतात. आणि दरवर्षी कुणीतरी नाखवा तोच प्रश्न घेऊन येतो: यंदा अजून किती पॉवर वाढेल?

इतिहास थोडक्यात सांगतो. मुंबईच्या समुद्रात वाफेवर चालणारा ट्रॉलर 'विल्यम कॅरिक' सरकारने १९२१-२२ मध्ये फिरवून पाहिला होता, पण कोळ्यांच्या होडीत इंजिन आलं ते स्वातंत्र्यानंतर, सरकारी कर्जं आणि सहकारी संस्थांच्या आधाराने. सुरुवातीला एक-दोन सिलिंडरची छोटी डिझेल इंजिनं होती. मग देशात ट्रक बनू लागले आणि चार-सहा सिलिंडरांची ट्रकची इंजिनं समुद्रात उतरली. कारण साधं होतं: सुटे भाग कुठल्याही हायवेवर मिळत होते आणि उघडायला-जोडायला येणारी माणसंही.

ट्रकचं इंजिन बोटीत बसवताना रेडिएटर आणि त्यामागचा पंखा जातो. त्यांच्या जागी समुद्राचं पाणी ओढणारा पंप आणि हीट एक्स्चेंजर येतो, किंवा बोटीच्या तळाला बाहेरून फिरवलेले पाईप येतात. एक्झॉस्टभोवती पाणी खेळवावं लागतं, नाहीतर लाकडी बोटीच्या पोटात आग लागेल. मागे क्लच-गिअरबॉक्सऐवजी रिडक्शन गिअर बसतो. तीनास एकचा गिअर असेल तर इंजिनाचे १८०० फेरे शाफ्टवर ६०० होतात. पाण्यात मोठा पंखा (प्रोपेलर) सावकाश फिरलेला चांगला, छोटा पंखा भरभर फिरलेला नाही.

या इंजिनांच्या नावांतच त्यांची कुंडली असते. टाटांचं '६९७' म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. जर्मन डेमलर-बेंझच्या सहकार्यातून १९५४ नंतर इथे आलेल्या घराण्याचं हे इंजिन, घनक्षमता पावणेसहा लिटरच्या आत. अशोक लेलँडचं '३७०' म्हणजे ३७० घनइंच, आणि त्याचाच पुढचा भाऊ '४००'. ३७० वरून ४०० वर जाताना लेलँडने स्ट्रोकला हात लावला नाही. पावणेपाच इंचांचा स्ट्रोक तोच ठेवला, बोअर मात्र ४.०६ इंचांवरून ४.२२ इंचांवर नेला. एका सिलिंडरच्या व्यासात जेमतेम चार मिलिमीटरची वाढ, आणि क्षमता सहा लिटरवरून साडेसहा लिटरवर. कारखान्याने केलेली ही ताकदवाढ अजूनही उत्तम समजली जाते, कारण सोबत पिस्टन, लायनर, बेअरिंग सगळ्याचा हिशेब नव्याने केलेला होता.

गोराईत ज्यांच्याजवळ मी रमलो, त्यांना सगळे नुसतं मिस्त्री म्हणतात. साठीकडे झुकलेले, बोलणं कमी, चष्मा कपाळावर. इंजिनाचे बाकीचे भाग ते पोरांना उघडू देतात. डिझेलच्या पंपाला मात्र दुसऱ्या कुणी हात लावलेला चालत नाही.

हा पंप म्हणजे सरळ रांगेत सहा छोटे प्लंजर. बंगळुरूच्या मायको कंपनीने हे पंप देशभर इतके पुरवले, की बाजारात आजही कुठल्याही पंपाला 'मायको' म्हणतात. प्रत्येक प्लंजर ठरल्या क्षणी ठरलेलं डिझेल ढकलतो. सुमारे २०० बार दाब झाला की नोझल उघडतं आणि धुक्यासारखी फवारणी आत जाते. स्पार्क प्लग नसतो. दाबाने तापलेली हवाच ठिणगीचं काम करते. त्यामुळे कोणत्या क्षणी आणि किती डिझेल, या दोन प्रश्नांत इंजिनाचं सगळं भलंबुरं येतं.

क्षण शोधायची मिस्त्रींची पद्धत जुनी आहे. पहिल्या सिलिंडरच्या पंपावरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह ते काढतात, तिथे एक वाकडी नळी बसवतात आणि डिझेल वरून सोडतात. नळीतून धार लागते. मग पोराला सांगतात, "फिरव. हळू." लोखंडी पहारीने फ्लायव्हील इंचाइंचाने सरकतं. धारेचे थेंब होतात, थेंबांमधलं अंतर वाढतं, आणि एका जागी थेंब लटकतो पण पडत नाही. "बस." प्लंजरने वाट बंद केली तो हा क्षण. फ्लायव्हीलवरची खूण त्याच वेळी खिडकीतल्या काट्यासमोर यायला हवी. एखादी डिग्री मागेपुढे असेल तर पंपाचं कपलिंग ढिलं करून पुन्हा पहिल्यापासून. खूण जुळली तरी समाधान नाही. पुन्हा दोनदा फिरवून बघायचं.

टॅपेटही असेच. १-५-३-६-२-४ हा फायरिंगचा क्रम पाठ असतोच, पण मिस्त्री जोड्या सांगतात: एक-सहा, पाच-दोन, तीन-चार. सहाव्याचे दोन्ही रॉकर एकाच वेळी हलू लागले, की पहिल्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असणार. तेव्हा पहिल्याच्या फटीत फिलर गेज घालायचं. पाचवा हलला, की दुसरा करायचा. कुठलंही पुस्तक समोर नसतं.

नाखव्याला पॉवर हवी असते ती याच पंपातून. गव्हर्नरच्या बाजूला सील केलेला एक स्क्रू असतो. तो फिरवला की दर फटक्याला डिझेल जास्त जातं. सोपा मार्ग, पाच मिनिटांचं काम. मिस्त्री ते करत नाहीत, आणि का करत नाहीत ते कागदावर मांडून दाखवतात.

साडेसहा लिटरचं चार स्ट्रोकचं इंजिन १८०० फेऱ्यांवर मिनिटाला जास्तीत जास्त ५,९०० लिटर हवा ओढू शकतं. प्रत्यक्षात त्याहून थोडी कमी, वजनात पावणेसहा-सहा किलो. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साडेचौदा किलो हवा लागते. पण सिलिंडरात हवा आणि डिझेल नीट मिसळायला वेळ मिळत नाही, म्हणून धूर नको असेल तर वीस किलोच्या आसपास धरावी लागते. म्हणजे तासाला सतरा-अठरा किलो, साधारण वीस लिटर डिझेल. त्यातून शंभर अश्वशक्तीच्या आसपास ताकद मिळते. स्क्रू फिरवला तर डिझेल वाढतं, हवा तेवढीच राहते. जास्तीचं डिझेल काळा धूर होऊन जातं, आणि जे उशिरा जळतं ते पिस्टन आणि व्हॉल्व्ह भाजून जातं. पैसे जातात, इंजिनही जातं.

मग हवा वाढवा, म्हणजे टर्बो लावा. ही कल्पना स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांची, १९०५ च्या पेटंटची. तिची पहिली मोठी परीक्षाही पाण्यातच झाली: १९२० च्या दशकात दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या इंजिनांची ताकद टर्बोमुळे १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. आज ट्रकमध्ये टर्बो सर्रास असतो. नाखव्याचं म्हणणं बरोबर वाटतं: ट्रकला चालतो, मग आपल्याला का नाही?

"ट्रकला घाट चढला की उतार मिळतो," मिस्त्री म्हणाले. "आपल्याला सगळा चढच."

त्यांच्या या वाक्यात बोटीच्या इंजिनाची सगळी अडचण आली. कसारा घाटात ट्रक अर्धा तास पूर्ण ताकद लावतो, मग श्वास घेतो. जाळं ओढणारी बोट तासामागून तास त्याच ओझ्याखाली असते. टर्बोसाठी बनवलेल्या इंजिनात पिस्टनच्या पोटावर तेलाचा फवारा मारणारे जेट असतात, कॉम्प्रेशन थोडं कमी ठेवलेलं असतं, रिंगची खाच मजबूत असते. साध्या इंजिनावर बाहेरून टर्बो चढवला तर यातलं काहीच आत नसतं. हेड गॅस्केट फुंकतं, पिस्टनचा माथा उष्णतेने चिरतो. आणि हे घडतं किनाऱ्यापासून काही तासांच्या अंतरावर.

थंडाव्याचाही प्रश्न आहेच. समुद्राचं पाणी थेट इंजिनात फिरवत असाल तर ते फार तापू देता येत नाही. पन्नास-पंचावन्न अंशांच्या वर क्षार आतल्या वाटांत धरू लागतात. थंड ठेवलं तर डिझेल नीट जळत नाही आणि लायनर लवकर झिजतात. गोड्या पाण्याचं बंद चक्र आणि हीट एक्स्चेंजर हा यावरचा खरा उपाय, पण खर्च इंजिनावर करायला तयार असलेला माणूस पाईपवर करायला का-कू करतो. वाढलेली ताकद पुढे गिअरबॉक्स, शाफ्ट, स्टर्न ट्यूब आणि इंजिनाखालचा लाकडी पाया यांनाही सोसावी लागते. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येऊ लागलं की दोष सुताराला दिला जातो.

आणि एवढं करून वेग किती वाढतो? फारसा नाही. पाणी कापत जाणाऱ्या बोटीचा वेग दहा टक्के वाढवायला ताकद साधारण तेहेतीस टक्के जास्त लागते. त्यातही लांबीनुसार मर्यादा असते: पाण्यातली लांबी चौदा मीटर असेल तर सुमारे नऊ नॉटच्या पुढे बोट स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू लागते आणि डिझेल नुसतं ओतलं जातं. नवी ट्रक-इंजिनं घ्यावीत तर त्यांत कॉमन रेल आणि सेन्सर. खाऱ्या हवेने एक कनेक्टर गंजला तरी इंजिन स्वतःच ताकद कमी करून घेतं, आणि भर समुद्रात लॅपटॉप घेऊन कोण येणार?

म्हणजे वाढीव ताकदीचा उपयोग वेगासाठी नसतो. तो असतो मोठं जाळं ओढण्यासाठी. इथे कायदा येतो. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखालच्या नियमांप्रमाणे सहापेक्षा जास्त सिलिंडरच्या यांत्रिक नौकांना किनाऱ्यापासून २२ किलोमीटरच्या आत मासेमारी करता येत नाही. हेतू चांगला होता: किनाऱ्याजवळचा मासा छोट्या होड्यांसाठी राहावा. पण मोजमाप चुकलं. सिलिंडरांची संख्या हे ताकदीचं माप नाही. सहा सिलिंडर सहाच ठेवून बोअर वाढवता येतो, टर्बो आणि इंटरकूलर लावता येतो, मोठ्या ट्रकचं सहा सिलिंडरी धूड बसवता येतं. शंभर अश्वशक्तीचे सहा आणि तीनशेचे सहा नियमाच्या नजरेत सारखेच. डिझेलवरच्या कराच्या परताव्यात मात्र अश्वशक्तीचं माप आलं, आणि १२० अश्वशक्तीच्या अटीवरून बरीच वर्षं वाद झाला. एकाच बोटीला एक नियम सिलिंडरने मोजायचा आणि दुसरा अश्वशक्तीने.

मासा दूर गेला म्हणून मोठं इंजिन, मोठं इंजिन म्हणून जास्त डिझेल, जास्त डिझेलचा खर्च काढायला अजून मोठं जाळं. गोराईच्या छोट्या डोल जाळ्यांना, भरती-ओहोटीच्या ओढीवर पोट भरणाऱ्यांना, या शर्यतीत जागाच नाही. मिस्त्रींच्या पोरांपैकी कुणी पंप शिकतही नाही. त्यांना कॉम्प्युटरवाल्या गाड्यांचं काम हवं आहे, आणि त्यांचं चुकत नाही.

या सगळ्यातून मला पटलेलं असं. मासेमारी नौकांसाठी सिलिंडर मोजणं बंद करून प्रत्यक्ष अश्वशक्ती मोजा, आणि ती बंदीच्या दोन महिन्यांत, बोट किनाऱ्यावर असतानाच तपासा. आणि नाखव्यांना एवढंच सांगणं, की टर्बोचा विचार करण्याआधी नोझल तपासून घ्या, पंप कॅलिब्रेट करून घ्या, तळावरचं कालव-शेवाळ खरवडा आणि पंख्याचा व्यास व पिच इंजिनाला जुळतात का ते बघा. पूर्ण थ्रॉटलवर इंजिन आपले ठरलेले फेरे गाठत नसेल आणि काळा धूर सोडत असेल, तर बऱ्याचदा ताकद कमी नसते, पंखा जास्त असतो. तो बदलायचा खर्च टर्बोच्या तुलनेत किरकोळ आहे.