नॅरोबोटीच्या अंतरंगाची घडण
इंग्लंडच्या कालव्यांतील नॅरोबोट जेमतेम ६ फूट १० इंच रुंद असते, कारण अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली याने आखलेल्या कालव्यांवरील जलपाश, म्हणजे नौकेला वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणारे दरवाजेबंद हौद, सुमारे ७ फूटच रुंद ठेवले गेले. पोलादी सांगाडा तयार झाला की कारागीर प्रथम तळाशी विटा किंवा फरशा रचतात. हे नीरम, म्हणजे नौका स्थिर ठेवणारे वजन, जमिनीच्या फळ्यांखाली कायमचे झाकले जाते. पोलादावर दव साचू नये म्हणून आतून फेसाचा थर फवारतात, आणि वायरिंग झाल्यावरच प्लायवूडचे अस्तर चढते.

खरी कसोटी सुताराची असते. केबिनच्या भिंती आत कललेल्या, छत किंचित कमानदार, त्यामुळे तयार कपाटे क्वचितच बसतात. शिवाय तरंगत्या नौकेत पाणसळ निरुपयोगी ठरते, कारण पुढच्या टोकाची पाण्याची टाकी भरली वा रिकामी झाली की नौकेचा कल बदलतो, म्हणून मापे जमिनीवरून गुण्या लावूनच घ्यावी लागतात. लोखंडी शेगडी एका बाजूस बसवली, तर तिच्या वजनाची भरपाई दुसऱ्या बाजूस करावी लागते.