२,१४,७४,८३,६४७ : काउंटरची हद्द आणि ऑयलरचा भागाकार

'ऐकायला जमत नाही, लिहून द्या' म्हणणाऱ्यांसाठी आजचा एपिसोड.

'गंगनम स्टाइल' आठवतंय ना? डिसेंबर २०१४ मध्ये त्या गाण्याचे व्ह्यूज इतके झाले की यूट्यूबला काउंटरच मोठा करावा लागला. जुन्या काउंटरची हद्द होती २,१४,७४,८३,६४७. हाच आकडा का? कारण काउंटर ३२ बिटचा. एक बिट अधिक-वजा चिन्हाला गेला, उरले ३१. त्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १.

आता गंमत बघा. ही मूळ संख्या आहे. १ आणि ती स्वतः सोडून कशानेच तिला भाग जात नाही. काउंटरच्या हद्दीशी याचा संबंध नाही, हा निव्वळ योगायोग.

पण मूळ आहे हे ठरवलं कसं? २ च्या घातातून १ वजा केला की मूळ संख्या मिळेलच असं नाही. २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. फसलो! मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंनी १६४४ मध्ये अशा घातांची यादी दिली. त्यात ३१ होता आणि ६७ पण. ६७ पुढे चूक निघाला. म्हणजे नुसत्या यादीवर विसंबून चालत नाही, सिद्ध करावं लागतं.

३१ साठी ते १७७२ मध्ये लिओनार्ड ऑयलर यांनी केलं. तेव्हा त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. कॅल्क्युलेटर तर नव्हताच.

भाजक शोधायचे ते फक्त वर्गमुळापर्यंत, म्हणजे ४६,३४० पर्यंत. कारण एक भाजक त्याहून मोठा असेल तर त्याचा जोडीदार लहान असतोच. तरी हजारो मूळ संख्या उरतात. मग नियम कामाला येतो: इथल्या कुठल्याही मूळ भाजकाला ६२ ने, म्हणजे ३१ च्या दुपटीने, भागलं तर बाकी १ च उरणार. आणि ८ ने भागलं तर १ किंवा ७. २०४७ वर तपासा ना! २३ आणि ८९ ला २२ ने भागा, बाकी १. ८ ने भागा, बाकी ७ आणि १. बरोब्बर.

या दोन चाळण्या लावल्या की पावणेचारशेपेक्षाही कमी उमेदवार उरतात. त्यातल्या एकानेही भाग गेला नाही. संपलं!

यूट्यूबचा काउंटर आता ६४ बिटचा आहे, जुनी हद्द गेली. ऑयलर यांचा निकाल मात्र कायमचा आहे.

जाता जाता गृहपाठ: २ चा २३ वा घात वजा १, म्हणजे ८३,८८,६०७. मूळ आहे का? मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडा आणि ४६ ची चाळणी लावा. पहिल्याच भागाकारात कळेल. भेटू पुढच्या एपिसोडला!