सौम्य पक्षाघातानंतरचे नव्वद दिवस

पक्षाघात झाला की ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणण्याचा मराठीतील प्रघात जुना आहे. एखाद्याचा हात अकस्मात लुळा पडावा, तोंड वाकडे व्हावे, जीभ जड व्हावी आणि तासाभरात सारे पूर्ववत व्हावे, असे घडले की घरातील मंडळी ‘वारे येऊन गेले’ म्हणत निःश्वास सोडतात. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्या क्षणी घरातील सर्वांत जोखमीचा माणूस तोच असतो. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या वाहिनीत अडकलेली गुठळी विरघळली, इतकाच त्या सुधारणेचा अर्थ. गुठळी जेथे तयार झाली ते ठिकाण तसेच राहते. वेळेवर उपचार न झाल्यास अशा शंभर रुग्णांपैकी सुमारे दहा जणांना तीन महिन्यांत पुन्हा झटका येतो, आणि त्यांतील जवळजवळ निम्मे झटके पहिल्या दोन दिवसांतच येतात.

हे दोन दिवस कोठे आणि कसे जातात, यावर पुढचे बरेच काही ठरते. खालापूर तालुक्यातील चौक हे जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरील गाव. पनवेल-कर्जत लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे, गावात ग्रामीण रुग्णालय आहे, आणि पाठीशी इरशाळगडाच्या परिसरातील आदिवासी वाड्या आहेत. जुलै २०२३ मध्ये इरशाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा तेथे पायी चढण्यावाचून मार्ग नाही हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. अशा वस्तीत ज्याचा हात तासाभरात पुन्हा हलू लागला, तो डोंगर उतरून रुग्णालयात कशाला जाईल? अर्थात, शहरात चौथ्या मजल्यावर राहणारा गृहस्थही ‘उद्या बघू’ असेच म्हणतो. त्याला तर निमित्तही नसते.

उद्यावर ढकलण्याची किंमत किती, हे ब्रिटनमधील ऑक्सफर्ड येथे पीटर रॉथवेल यांच्या चमूने २००७ मध्ये दाखवून दिले. सौम्य झटक्याच्या रुग्णांची तपासणी व औषधे त्याच दिवशी सुरू केल्यावर नव्वद दिवसांत पुन्हा झटका येण्याचे प्रमाण दहा टक्क्यांवरून दोन टक्क्यांपर्यंत खाली आले. औषधे नवी नव्हती. ती लवकर मिळाली, एवढाच फरक होता. म्हणून लक्षणे ओसरली असली तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. घरातील अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने देऊ नये. झटका गुठळीने आला की रक्तस्रावाने, हे स्कॅनशिवाय सांगता येत नाही, आणि रक्तस्राव असल्यास तीच गोळी घातक ठरू शकते. तेलाने मालिश करणे, कबुतराचे रक्त चोळणे या उपायांत तर केवळ मोलाचे तास वाया जातात.

रुग्ण घरी परतल्यावर खरी गफलत सुरू होते. गुठळीमुळे आलेल्या सौम्य झटक्यानंतर बहुधा अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा दोन गोळ्या एकत्र दिल्या जातात. चीनमध्ये पाच हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांपैकी ११.७ टक्के रुग्णांना नव्वद दिवसांत पुन्हा झटका आला, दोन्ही गोळ्यांनी सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण ८.२ टक्के होते. ही जोडी साधारणतः एकवीस दिवसांचीच असते, कारण ती अधिक काळ चालू ठेवल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यानंतर एक गोळी थांबते व दुसरी बहुधा आयुष्यभर चालते. घरोघरी मात्र ‘डॉक्टरांनी गोळ्या तीन आठवडेच सांगितल्या होत्या’ असा अर्थ घेऊन दोन्ही बंद होतात, किंवा कोणी न सांगितल्याने दोन्ही वर्षभर चालू राहतात. कोणती गोळी कोणत्या तारखेला थांबवायची, हे रुग्णालयातून निघण्यापूर्वीच मराठीत लिहून घ्यावे. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांना वेगळेच, रक्त पातळ ठेवणारे औषध लागते, म्हणून ईसीजी टाळू नये. मानेतील रक्तवाहिनी फार अरुंद झाली असेल तर शस्त्रक्रियेचा निर्णयही शक्यतो दोन आठवड्यांच्या आत व्हावा लागतो.

हातपाय चालू लागले म्हणजे माणूस बरा झाला, हा समजही तितकाच फसवा. अशा रुग्णांना कित्येक महिने विलक्षण थकवा येतो, शब्द आठवत नाहीत, चिडचिड होते, मन खचते. बाहेरून काहीच दिसत नसल्याने घरचे त्याला आळशी ठरवतात. हा थकवा मेंदूच्या दुखापतीचा भाग आहे, हे घरच्यांना कळले तर निम्मा ताण हलका होतो. रोजचे चालणे थोड्यापासून सुरू करून वाढवावे. दुचाकी मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज हाती घेऊ नये.

पुन्हा झटका येऊ नये यासाठी रक्तदाबाइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही. तो १३०/८० च्या खाली ठेवावा, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. कोकणपट्टीच्या जेवणातील सुकी मासळी, लोणचे, पापड यांतून जाणारे मीठ कोणी मोजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही नव्हे, अशी आहे. सिगारेट सोडायला सांगितल्यावर पुरुष निदान ऐकून घेतात. घरातील वयस्क बाईच्या मिश्रीबद्दल तर कोणी विचारतच नाही, आणि मिश्री हा तंबाखूच आहे.

भारतातील ३१ केंद्रांत चार हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या अभ्यासात लघुसंदेश, चित्रफिती आणि पुस्तिका बारा भाषांत देण्यात आल्या. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यामुळे औषधे घेण्यातील नियमितपणा वाढला, परंतु वर्षभरात पुन्हा झटका येण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. मोबाइलवरील संदेश उपयोगी असला तरी त्याने रक्तदाब मोजला जात नाही. तो मोजण्यासाठी ग्रामीण रुग्णालय वा आरोग्य केंद्र आहे, आणि आशा कार्यकर्तीला घराची माहिती असते. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या मुलाने गावी फोन करताना ‘बरे आहात ना?’ एवढेच न विचारता गोळ्यांच्या पाकिटात आज किती गोळ्या उरल्या आणि गेल्या आठवड्यात रक्तदाब किती भरला, हे दोन आकडे विचारून वहीत लिहून ठेवावेत.