अंधुक दृष्टी आणि अचूक मात्रा

मधुमेहाच्या घरगुती उपचाराची जवळजवळ सर्व साधने डोळस माणसाला गृहीत धरून घडविलेली आहेत. इन्सुलिनच्या बाटलीवरील बारीक अक्षरे, सिरिंजवरील केसाएवढ्या रेघा, ग्लुकोमीटरवर उमटणारे आकडे, खोक्यावर छापलेली मुदत, यांपैकी एकही गोष्ट हाताला कळत नाही. आणि ज्या रोगासाठी ही साधने वापरावयाची तोच रोग, दहा-वीस वर्षे शरीरात मुक्काम केल्यावर, पुष्कळदा दृष्टीवरच घाला घालतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने आपल्याकडील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज दिला. तेव्हा वृद्ध, मधुमेही आणि दृष्टी मंदावलेली आई किंवा वडील ज्या घरात आहेत असे घर आज विरळा राहिलेले नाही.

दृष्टी जाण्याची ही क्रिया मुकाट्याने चालते. रक्तातील वाढलेली साखर दृष्टिपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती दुर्बळ करते, त्यांतून द्रव झिरपून पटलाच्या मध्यभागी सूज येते, आणि पुढे रक्तपुरवठा तुटलेल्या जागी नव्या परंतु ठिसूळ वाहिन्या उगवून त्यांतून रक्तस्राव होतो. या साऱ्या काळात डोळा दुखत नाही, लालही होत नाही. परिणामी मधली नजर गेलेली पण कडेची शाबूत असलेली वृद्ध व्यक्ती घरात विनासायास वावरते, दारात आलेल्याला चालीवरून ओळखते, देवापुढे निरांजन लावते, आणि घरच्यांची समजूत होते की आईला दिसते. प्रत्यक्षात तिला सिरिंजवरची १८ची रेघ आणि २८ची रेघ यांतील भेद दिसत नसतो. ती सवयीने आणि अंदाजाने औषध ओढीत असते. बोलत मात्र नाही, कारण बोलल्यावर हे काम आपल्या हातून काढून घेतले जाईल असे तिला भय वाटते. म्हणून या विषयाचा आरंभ प्रश्न विचारण्याने होऊ नये. मुलाने किंवा सुनेने दोन-चार वेळा शेजारी बसून इंजेक्शन घेताना केवळ पाहावे. काय चुकते आहे ते आपोआप कळते.

चूक केवढी मोठी होऊ शकते हे सांगण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. आपल्या देशात इन्सुलिन प्रामुख्याने दोन तीव्रतांत मिळते: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटे असलेले, जे बहुधा १० मिलिलिटरच्या बाटलीत येते; आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिटे असलेले, जे मुख्यतः पेनच्या कार्ट्रिजमध्ये असते, पण काही प्रकारांत बाटलीतही मिळते. सिरिंजही दोन जातींच्या. ४०च्या सिरिंजला लाल टोपण आणि १००च्या सिरिंजला नारिंगी टोपण असते. लाल आणि नारिंगी या रंगांतील भेद निरोगी डोळ्यालासुद्धा संधिप्रकाशात चकवितो, मग पडद्याला सूज आलेल्या डोळ्याची कथा काय? ४०चे औषध १००च्या सिरिंजमध्ये २०च्या रेघेपर्यंत भरले, तर शरीरात २० नव्हे तर ८ युनिटे जातात, आणि साखर का उतरत नाही याचा उलगडा कोणालाच होत नाही. उलट १००चे औषध ४०च्या सिरिंजमध्ये तितक्याच रेघेपर्यंत भरले तर ५० युनिटे जातात, म्हणजे अडीचपट. आणि ही चूक प्राणावर बेतू शकते. औषधाच्या दुकानातून खोके घरी आले की त्याच दिवशी बाटली आणि सिरिंज यांची जोड एका डोळस व्यक्तीने उजेडात ताडून पाहावी, आणि दुसऱ्या जातीची एकही सिरिंज घरात शिल्लक ठेवू नये. या एका दक्षतेवर मी सर्वांत अधिक भर देईन.

बाटलीपेक्षा पेन अधिक सुकर, याविषयी फारसा मतभेद नाही. पेनची कळ फिरविताना प्रत्येक युनिटाला ‘टिक’ असा आवाज होतो व बोटालाही ठोका जाणवतो. तथापि केवळ ठोके मोजून मात्रा ठरवू नये आणि दृष्टिहीनाने जाणत्या डोळस माणसाच्या मदतीवाचून पेन वापरू नये, अशी सूचना पेनसोबतच्या माहितीपत्रकांतच सहसा दिलेली असते. कारण मोजता मोजता दारावरची घंटा वाजली की आकडा हरवतो, आणि पुढे मागे फिरविलेल्या कळीचे ठोके सारखेच ऐकू येतात. ठोके हा पडताळा आहे, आधार नव्हे. शिवाय प्रत्येक वेळी प्रथम २ युनिटे हवेत सोडून सुईच्या टोकाशी थेंब आला की नाही हे पाहावे लागते, आणि दुधासारख्या गढूळ दिसणाऱ्या मिश्र इन्सुलिनचे पेन तळहातांत दहा वेळा घोळून, दहा वेळा वरखाली करून, त्यातील थर एकजीव झाला आहे याची खातरजमा करावी लागते. या दोन्ही गोष्टींना डोळेच लागतात.

सांगलीकडील एका परिचित कुटुंबात मी जी व्यवस्था पाहिली तिच्यामुळे या विषयाकडे पाहण्याची माझी दृष्टी निश्चित झाली. तेथील अण्णा निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या घरात, एका डोळ्याने उजेड-अंधार तेवढा कळणारा आणि दुसऱ्याने माणसाची आकृती. सकाळी १८ आणि सायंकाळी १२ युनिटे असा त्यांचा क्रम. सूनबाई पेन घोळून, थेंब पाहून त्यांच्या हातात देतात; कळ अण्णाच फिरवितात, ठोके मोठ्याने मोजतात आणि विचारतात, “किती दिसतंय गं?” त्या पेनच्या खिडकीतला आकडा वाचून “अठरा, अण्णा” म्हणतात, दोन्ही हिशेब जुळले तरच सुई टोचली जाते, तीही अण्णांच्या स्वतःच्या हाताने, पोटावर, कालच्या जागेपासून दोन बोटे दूर. जागा ते बोटांनी चाचपून निवडतात. वारंवार टोचून जेथे गाठ झाली असेल तेथे औषध नीट शोषले जात नाही, आणि अशी गाठ डोळ्यापेक्षा बोटालाच लवकर सापडते. सुई आत ठेवून ते सावकाश दहापर्यंत मोजतात आणि मग बाहेर काढतात. शेजारी दोन वाट्या असतात. इंजेक्शन झाले की डाव्या वाटीतील एक चिंचोका उजव्या वाटीत जातो. सकाळचे घेतले की राहिले, अशी शंका आली तर अण्णा कोणाला हाक मारीत नाहीत, वाटीत हात घालतात. नव्या कार्ट्रिजबरोबर डाव्या वाटीत सोळा चिंचोके पडतात, कारण ३ मिलिलिटरच्या कार्ट्रिजमध्ये ३०० युनिटे असतात आणि हवेत सोडावयाची धरून दिवसाला ३४ लागतात. आठ दिवस निर्धास्त निघतात, नवव्या दिवशी सायंकाळी मात्र ते अपुरे पडले असते. डावी वाटी रिकामी झाली की कार्ट्रिज बदलावयाचे.

या कुटुंबाने एक गोष्ट अचूक ओळखली आहे: ज्या कृतीला डोळे हवेत तेवढीच दुसऱ्याने करावी, बाकीचा अखत्यार रोग्याकडेच राहू द्यावा. संपूर्ण काम मुलांनी उरकणे कमी वेळाचे असते, हे मी जाणतो. नोकरीला निघण्याच्या घाईत तर तेच सोपे वाटते. परंतु असे केल्याने वृद्ध माणूस आपल्या औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ विसरतो, आणि ज्या दिवशी घरात कोणी नसते त्या दिवशी तो सर्वस्वी असहाय होतो. जे एकटे राहतात त्यांच्यासाठी, डॉक्टरांच्या संमतीने, काही दिवसांच्या सिरिंजा आधी भरून, सुईचे टोक वर करून फ्रिजमध्ये ठेवण्याची तजवीज करता येते. मात्र दोन प्रकारची इन्सुलिने चालू असतील तर एका प्रकाराला एक रबर आणि दुसऱ्याला दोन रबर अशी खूण हवी, आणि ती खूण घरातील प्रत्येकाला ठाऊक हवी.

साखर वाढण्याची चिंता सर्वांना असते; उतरण्याची तितकी नसते, आणि वृद्धांच्या बाबतीत खरा धोका तेथे आहे. रक्तशर्करा ७०च्या खाली गेली की घाम, कंप, भूक ही लक्षणे तरुण माणसाला तत्काळ सावध करतात. वृद्धाला मात्र ती उशिरा जाणवतात, रक्तदाबाच्या काही गोळ्या थरथर आणि धडधड झाकून टाकतात, आणि दिसते ते एवढेच की आई असंबद्ध बोलते आहे किंवा वडील विनाकारण चिडले आहेत. त्यातून, ज्या मधुमेहाने दृष्टिपटल बिघडविले त्याने मूत्रपिंडालाही बहुधा सोडलेले नसते. मूत्रपिंड दुर्बळ झाले की इन्सुलिनचा अंमल लांबतो आणि वर्षानुवर्षे सोसलेली मात्राही जड होऊ लागते. साखर उतरली की तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि आकडा वर आला नसेल तर तेच पुन्हा करावे; पेढा किंवा बर्फी नको, कारण त्यातील स्निग्धतेमुळे साखर रक्तात सावकाश पोहोचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. साखरेचा डबा उशाशी, नेहमी एकाच जागी असावा, आणि तो आवरासावर करताना कोणी हलवू नये.

जेवणाच्या बाबतीत आपल्या परंपरेने एक उपकार करून ठेवला आहे. मराठी पानाला डावी आणि उजवी बाजू आहे: मीठ वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, भात मध्ये. हा क्रम न मोडता वाढले तर ज्याला ताट दिसत नाही तोही चाचपडल्यावाचून जेवतो, आणि भात रोज एकाच वाटीने मोजून वाढल्यास मात्रेचा हिशेबही स्थिर राहतो. उपवास मात्र कठीण. संकष्टीला चंद्रोदय पुष्कळदा रात्री नऊनंतर होतो. तोवर पोट रिकामे आणि सकाळचे इन्सुलिन नेहमीचे, हा योग घातक आहे. खिचडीतील साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, तेव्हा एकादशीला साखर आधी चढते आणि मग घसरते. उपवास सोडा असे आईला सांगणे मला रुचत नाही. डॉक्टरांना आधी विचारून त्या दिवसाची मात्रा ठरवून घ्यावी, आणि व्रताचा निर्णय तिचा तिला करू द्यावा.

पायांविषयी थोडेच सांगतो. घरात अनवाणी चालण्याची आपली रीत आहे. ज्याच्या पायाची संवेदना आणि डोळ्याची दृष्टी दोन्ही उणी झाली आहेत त्याला रुतलेला खिळाही कळत नाही. रोज सायंकाळी कोणीतरी तळवे पाहावेत, घरातही मऊ चपला असाव्यात, आणि शेकण्याची पिशवी त्या पायांजवळ येऊ देऊ नये.

आकडा बोलून दाखविणारे ग्लुकोमीटर अस्तित्वात आहेत. दंडावर चिकटवून चौदा दिवस साखर मोजणारे संवेदकही आहेत, आणि त्यांचे आकडे मोबाइलवर येत असल्याने मोबाइलची बोलकी सोय चालू केल्यास ते ऐकता येतात. किंमत मात्र अनेकांच्या आवाक्याबाहेरची आहे. ब्रेल शिकविण्याचा सल्ला सद्भावनेने दिला जातो, परंतु दीर्घकालीन मधुमेहाने बोटांची जाणीवही मंदावलेली असू शकते, म्हणून ठळक उंचवटे आणि रबर हेच अशा वृद्धांना अधिक उपयोगी. दृष्टिहीनांना दैनंदिन वावर शिकविणाऱ्या संस्था आपल्याकडे जुन्या आहेत. ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ मुंबईत १९५२ पासून आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला मिळाल्यास शासकीय सवलतींसाठी अर्ज करता येतो. वृद्धांसाठी हा दाखला काढण्याचा विचारही बहुतेक घरांत होत नाही. तो अवश्य काढावा.

डोळ्यांवरील उपचार संपले असे मानून नेत्रतज्ज्ञाकडे जाणे बंद करू नये. लेझर, डोळ्यातील इंजेक्शन किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांनी उरलेली दृष्टी राखता येते, कधी थोडी परतही मिळते. मधुमेहाच्या डॉक्टरांकडे मात्र एक प्रश्न ठरवून न्यावा: दिवसातून चार सुया घेण्याचा क्रम एक किंवा दोनवर आणता येईल काय? दुर्बळ वृद्धांसाठी साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीचे उद्दिष्ट ७ ऐवजी ८ टक्क्यांपर्यंत सैल ठेवणे आज वैद्यकालाही मान्य आहे, आणि सोपा क्रम हा दृष्टिहीनाच्या हातून चुकण्याचा संभव कमी करतो. हा प्रश्न मुलाने विचारला तरी चालेल. पण मात्रा किती, ती कधी घेतली जाते आणि गेल्या महिन्यात साखर कितीदा उतरली, हे डॉक्टरांनी विचारल्यावर उत्तर आईने द्यावे, आणि ती बोलत असताना मुलाने मध्ये बोलू नये.