जोंधळा तापवा, सीताफळ नको!

आज नारायणगडाहून बोलतोय. विनापरवाना घरी बिअर बनवणं राज्यात गुन्हा आहे, त्यामुळे ही कृती नाही, फक्त शास्त्र. प्रश्न होता: आपल्या जोंधळ्याची, बालाघाटच्या सीताफळाची एल जमेल का?

जमेल, पण मेख आचेत आहे. जोंधळ्याला मोड आणून वाळवला की स्टार्चची साखर करणारी एन्झाइम तयार होतात. पण हा स्टार्च साधारण 70 अंशांपुढं फुलतो, अन् तिथं एन्झाइम मरायला लागतात. म्हणून एन्झाइमचं वरचं पाणी आधी काढून ठेवतात, खालचं शिजवतात, 65 अंशांवर आणून दोन्ही एकत्र करतात.

सीताफळाचं उलट. तापलं की कडू! गर शेवटी, आंबण्याचा जोर ओसरल्यावर, गारच घालायचा. मी घरी बासुंदीतसुद्धा तेच करतो.