देणाऱ्याची वाट अरुंद का?

मार्च महिन्यातली गोष्ट. रात्री साडेअकराला कॉम्प्युटरवर फाइल अपलोडला लावली, देवाला हात जोडले आणि झोपले. पहाटे चारला उठून आधी पडद्यासमोर गेले, तर काम ८४ टक्क्यांवर थांबलेलं. रात्री कधीतरी पाच मिनिटं लाइट गेली होती. तेवढ्यानं सगळं मुसळ केरात!

मैत्रिणींनो, फाइल कसली ते आधी सांगते. सांगलीत आम्ही आठजणी दर बुधवारी दुपारी जमतो आणि दृष्टिहीन मुलामुलींसाठी अभ्यासाची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी माझ्यासारखी घर सांभाळणारी बी.ए. मराठीवाली. वाचायला कुणाचीच ना नसते. वाचलेलं पुढे पाठवण्याचं काम मात्र माझ्या गळ्यात, कारण माझ्या घरी कॉम्प्युटर आणि ब्रॉडबँड.

त्या रात्री बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीसाठी शेवटची चार प्रकरणं पाठवायची होती, मिळून पाच तासांचं वाचन. ती वसतिगृहात राहते. पहाटे उठून दुप्पट वेगानं ऐकणार होती, कारण दुपारी अडीचला पेपर. मी चारला फाइल पुन्हा लावली. पण घर जागं झालं तशी ती आणखीच रेंगाळली. पोचली दुपारी, तेव्हा मुलगी लेखनिकाला घेऊन परीक्षा केंद्रावर गेलेली. संध्याकाळी फोन केला, तर म्हणते, "असू द्या हो काकू. त्यातलाच एक प्रश्न होता, पण बाकीचं लिहिलं मी."

भांडली असती तर बरं वाटलं असतं. त्या 'असू द्या'नं मला झोप लागू दिली नाही. ठरवलं, हे का होतं ते शोधायचंच.

आधी अर्थातच नेटवाल्यांना फोन. त्यांचा मुलगा आला, मोबाइलवर वेग मोजून दाखवला. "मॅडम, पन्नास येतोय की!" खरंच पन्नास होता. तो गेला आणि मी पुण्यात इंजिनीअरिंग शिकणाऱ्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, पन्नास हा डाउनलोडचा आकडा. दुसरा आकडा वाच." दुसरा आकडा होता दोन!

म्हणजे आपल्या घरी येणारा रस्ता हमरस्ता आणि घरातून बाहेर जाणारी पायवाट. मालिका, सिनेमे, व्हिडिओ सगळं आपल्याकडे येतं, म्हणून बऱ्याच योजना अशाच आखलेल्या असतात. जाहिरातीतही येणाऱ्या वेगाचाच आकडा मोठ्या अक्षरांत. गंमत म्हणजे सरकारी व्याख्याही तशीच. २००४च्या ब्रॉडबँड धोरणात किमान वेग २५६ केबीपीएस होता, २०२३ मध्ये तो २ एमबीपीएस झाला. दोन्ही वेळा मोजला तो डाउनलोडचा वेग. आता अनेक फायबर योजनांत दोन्ही वेग सारखे मिळतात, पण सगळ्यांत नाही. म्हणून कनेक्शन घेताना विचारायचं, "पाठवण्याचा वेग किती?" आणि तो लिहून मागायचा.

भाच्यानं दुसरी गोष्ट समजावली ती हिशेबाची. नेटवाले वेग सांगतात मेगाबिटमध्ये, आपण फाइल मोजतो मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे दोनचा वेग प्रत्यक्षात सेकंदाला पाव एमबी. मी वही काढली. आमचं रेकॉर्डिंग 'वेव्ह' प्रकारचं, एका तासाला सुमारे ६३५ एमबी. पाच तासांचे तीन जीबीहून जास्त. ते पाव एमबीनं ओतायला साडेतीन तास हवेतच. कॉम्प्युटर काही कामचुकारपणा करत नव्हता, मीच त्याला हंडाभर पाणी चमच्यानं भरायला बसवलं होतं.

मग एकेक गाठ सोडवली. क्रमानंच सांगते, कारण एका वेळी एकच बदल करून पुन्हा मोजलं तर खरं कारण सापडतं.

पहिली गाठ वायफायची. राउटर हॉलमध्ये, कॉम्प्युटर आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती आणि लोखंडी कपाट. कॉम्प्युटर तारेनं थेट राउटरला जोडला आणि दोनचा वेग सहावर गेला.

दुसरी गाठ घरातल्याच माणसांची! मुलाचा आणि ह्यांचा, दोघांचेही फोन वायफाय मिळालं की दिवसभराचे फोटो-व्हिडिओ आपोआप वर पाठवत होते. त्यात दारावरचा कॅमेरा चोवीस तास चित्रण धाडतोय. सगळे त्याच पायवाटेवर. घर जागं झालं की फाइल का रेंगाळायची, ते आत्ता कळलं. फोटोंचं काम बुधवार सोडून दुसऱ्या दिवशी ठेवलं, अपलोडपुरता कॅमेरा बंद केला. वेग जवळजवळ दहा. आमच्या योजनेत पाठवण्याचा वेग दहाच होता, म्हणजे नेटवाल्यांनी दिलेलं पुरेपूर मिळालं.

इथे आणखी एक ध्यानात आलं. पाठवायची वाट तुंबली की येणारंही मंदावतं. कारण आपण काहीही मागवलं की 'मिळालं, पुढचं पाठवा' अशी पोच सतत परत जात असते, आणि ती जाते त्याच पायवाटेनं. म्हणून अपलोडच्या वेळी घरचे 'नेट गेलं' म्हणून ओरडायचे. अपलोडच्या प्रोग्रॅममध्ये सोय असेल तर पूर्ण वेग न देता ऐंशी टक्क्यांच्या आसपास मर्यादा घालावी, घरात शांतता राहते.

तिसरी गाठ आमच्या अज्ञानाची, आणि सगळ्यात मोठी. बोलण्याच्या आवाजाला गाण्याएवढा थाट लागत नाही. 'ऑडॅसिटी' या मोफत प्रोग्रॅममध्ये तेच वाचन मोनो, ६४ केबीपीएसच्या एमपीथ्री फाइलमध्ये काढलं, तर तासाला २९ एमबी. आवाज स्वच्छ. चार प्रकरणांची चार वेगळी नावं दिली, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी एकच पुन्हा पाठवायचं. मूळ वेव्ह फाइल पेनड्राइव्हवर जपून. साडेतीन तासांचं काम दोन मिनिटांवर आलं! शिवाय मुलांचा मोबाइल डेटा वाचला, त्याचा विचार इतके दिवस आमच्या डोक्यातही आला नव्हता.

दिवाळीत भाचा आला, तो नवी कल्पना घेऊनच. "मावशी, आधी वर चढवा, मग मुलांनी उतरवा, हे कशाला? तुझ्या कॉम्प्युटरमधूनच त्यांना घेऊ दे. पोर्ट फॉरवर्डिंग करू."

म्हणजे काय? मला कळलं तसं सांगते. राउटर हा सोसायटीचा वॉचमन. आतून कुणी काही मागवलं तर ते कुणाचं हे तो लक्षात ठेवतो. पण बाहेरून अनोळखी माणूस आला, तर कोणत्या घरी पाठवायचं ते त्याला माहीत नसतं, तो परत घालवतो. पोर्ट म्हणजे दारांचे क्रमांक, ६५,५३५ पर्यंत. 'या क्रमांकाची चौकशी आली तर या कॉम्प्युटरकडे पाठव,' ही वॉचमनला दिलेली चिठ्ठी म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. त्यासाठी कॉम्प्युटरचा घरातला पत्ता राउटरमध्ये कायमचा करावा लागतो, नाहीतर उद्या तो बदलतो आणि पाहुणा चुकीच्या घरी. कॉम्प्युटरच्या फायरवॉललाही परवानगी द्यावी लागते.

भाच्यानं सगळं केलं. तरी बाहेरून दार उघडेना. तासाभरानं त्यानं राउटरच्या पानावरचा बाहेरचा पत्ता आणि इंटरनेटला दिसणारा आमचा पत्ता ताडून पाहिला. दोन्ही वेगळे! राउटरचा पत्ता १०० आणि पुढे ६४ ते १२७ मधला आकडा असा सुरू होत असेल, तर समजावं की कंपनीनं अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलंय. म्हणजे आमच्या वॉचमनच्या पुढे आणखी एक मोठा वॉचमन, आणि त्याला चिठ्ठी देणं आपल्या हातात नाही. असं का, तर जुन्या पद्धतीचे पत्ते जगभरात मिळून जेमतेम ४२९ कोटी, आणि त्यांचा मुख्य साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. स्वतंत्र पत्ता हवा तर कंपनीकडे मागावा लागतो, बहुधा जादा पैसे भरून.

मी विचारलं, "पैसे भरले तर वेग वाढेल का रे?" तो हसला. "नाही. दार उघडलं म्हणून वाट रुंद होत नाही. दहाजणांनी एकदम मागितलं तर तुझे दहा एमबीपीएस दहा जागी वाटले जातील." टोरेंटसारख्या देवघेवीत दार उघडं असलं की जास्त लोक आपल्यापर्यंत पोचतात, म्हणून वेग वाढल्यासारखा वाटतो, एवढंच.

मग मी ठामपणे नाही म्हटलं. एक तर उघड्या दाराशी कोणीही येऊन कडी वाजवून बघतं. त्याच कॉम्प्युटरवर आमचे बँकेचे कागद. दुसरं, कायदा. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानं अपंग व्यक्तींसाठी पुस्तकं अशी वाचून द्यायला मुभा दिली, पण ती नफा न घेता आणि त्यांच्यापुरतीच. लेखकाच्या कष्टाचं पुस्तक रस्त्यावर ठेवायचा हक्क आम्हाला कोणी दिलेला नाही.

शेवटी भाच्यानं माझ्या आणि वसतिगृहातल्या कॉम्प्युटरवर 'सिंकथिंग' हा मोफत प्रोग्रॅम बसवला. दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांची ओळख पटवून घेतात आणि तिसऱ्याला कळणार नाही अशा सांकेतिक रूपात फाइल देतात. थेट वाट मिळाली नाही तर मधल्या कॉम्प्युटरमार्फत जातात, थोडं सावकाश. पण आता फाइलच लहान, त्यामुळे बिघडत नाही. राउटरमध्ये उघडलेलं पोर्ट त्याच संध्याकाळी बंद केलं. तुम्हीही प्रयोग केलात तर हे विसरू नका.

ती मुलगी पास झाली, आता एम.ए. करतेय. परवा तिचा निरोप आला, "काकू, सगळी प्रकरणं आठ दिवस आधीच मिळाली. तिसऱ्यात तुमच्या कुकरच्या शिट्ट्या आहेत, राहू द्या, छान वाटतं."

वेग कमी म्हणून मी वर्षभर नेटवाल्यांना बोल लावत होते. निम्म्याहून अधिक गाठी माझ्याच घरात होत्या. 'आपल्याला त्यातलं काय कळतंय' म्हणून मी तो दुसरा आकडा कधी वाचलाच नव्हता. आज संध्याकाळी तुमच्या घरचा तेवढा वाचून बघा.