पपईवरील पिठ्या ढेकूण व त्याचे शत्रू

परसातील पपईवर कापसासारखे पांढरे पुंज दिसले की गृहस्थ औषधाचा पंप हाती घेतो. पुंजातील पिठ्या ढेकणाला मेणचट आवरणामुळे फवारा पुरता भिडत नाही. त्याच्या शत्रूंचा मात्र संहार होतो.

पॅराकॉकस मार्जिनेटस हा कीटक मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेतील. भारतात तो २००८ साली कोइमतूर येथे प्रथम आढळला व लवकरच महाराष्ट्रातही पोहोचला. त्याचे विशिष्ट शत्रू मायदेशीच राहिले होते. म्हणून २०१० साली पोर्टो रिकोहून ॲसेरोफॅगस पपायी ही परजीवी गांधीलमाशी आणविण्यात आली. लांबी एक मिलिमीटरहूनही कमी. परंतु तिच्या प्रसारणानंतर तमिळनाडूतील पपईच्या व तुतीच्या बागा सावरल्या. मादी ढेकणाच्या पिल्लात अंडे घालते, अळी यजमानास आतून खाते आणि शेवटी उरते ते फुगीर, कडक कवच. त्यावर वाटोळे छिद्र असल्यास माशी बाहेर पडली असे समजावे.

आपल्याकडील स्पाल्गिस एपियस या फुलपाखराची अळीही हेच ढेकूण खाते. त्यांचेच पांढरे मेण ती अंगावर वागवीत असल्याने बिचारी पुष्कळदा कीड म्हणून चिरडली जाते! तिचा कोष अवश्य पाहावा. त्यावर वानराचे मुख कोरल्याचा भास होतो.

मुंग्या मात्र ढेकणाच्या पक्षातील. त्याच्या शरीरातून स्रवणाऱ्या गोड द्रवासाठी त्या या मित्रकीटकांना हुसकावून लावतात. तेव्हा फवारणीपूर्वी काही ढेकूण भिंगाखाली तपासावेत. छिद्रयुक्त कवचे आढळल्यास पंप खाली ठेवावा व खोडावरून चढणाऱ्या मुंग्यांची वाट आधी बंद करावी.